अंदाज आणि काटा

रेणापूरच्या बाजारपेठेतील त्या घरात सूर्यास्त झाल्याचे घड्याळाआधी माणसांना कळते. ओसरीच्या भिंतीवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता टांगलेला आहे. पण आजी त्याकडे क्वचितच पाहतात. अंगणातील सावली कडुनिंबाच्या पारावर चढली, की त्या आतल्या माणसांना पाने घ्यायला सांगतात. तक्ता मुंबईच्या वेळेचा आहे. लातूरकडे सूर्य मुंबईच्या आधी सुमारे पंधरा मिनिटे मावळतो, एवढी वजावट मनात धरून या घरात तीन पिढ्या दिवसाउजेडी जेवत आल्या. ही पंधरा मिनिटे आली कुठून, असे मात्र कोणी कधी विचारले नव्हते.

उत्तर सापडले ते धाकट्या मुलाच्या अभ्यासात. एका दिवाळीच्या सुट्टीत तो एअर नॅव्हिगेशनचे जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन ओसरीत बसला होता. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. मुंबई आणि लातूर यांच्या रेखांशांत अंतर सुमारे पावणेचार अंशांचे. त्याने गुणाकार केला आणि हाक मारली, “आजी, तुझी पंधरा मिनिटं बरोबर आहेत गं.”

आजी गव्हातले खडे वेचीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरोबर आहेत म्हणूनच जेवतो की आपण.”

घर आडतीचे. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांची आवक. हंगामात अंगणभर पोती आणि पोत्यांच्या मधोमध मोठा वजनकाटा. मुलाने बारावी लातूरला वाणिज्य शाखेतून केली. लातूरला शिकायला जाणे म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनिअर होणे, असा साऱ्या महाराष्ट्राचा समज. पण व्यापाऱ्याच्या घरात वाणिज्य शाखा कोणाला खटकत नाही. खटकले ते पुढचे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी त्याने जाहीर केले, की आपल्याला वैमानिक व्हायचे आहे. नियम असा होता, की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. तेव्हा त्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन्ही विषय घेतले, दुकानाच्या माळ्यावर बसून अभ्यास केला आणि तो उत्तीर्ण झाला. आईला वाटले होते, की गणित त्याला अडवील. गणिताने तसे काही केले नाही.

आईचा विरोध पैशासाठी नव्हता. २५ मे २०१७ रोजी याच जिल्ह्यात, निलंग्याला, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाल्यावर काही क्षणांतच खाली आले. सगळे सुखरूप बाहेर पडले, तरी ते दृश्य लातूर जिल्ह्यातील प्रत्येक घराने दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा पाहिले होते. आईने तेवढेच पाहिले होते आणि तेवढे तिला पुरेसे होते. पैशाची चिंता वडिलांची. बारामती, धुळे, गोंदियाजवळचे बिरसी, महाराष्ट्रात विमान शिकवणारी ठिकाणे आहेत. फी मात्र कुठेही आडतीच्या नफ्यातून निघेल अशी नाही. लातूर रस्त्यालगतचा भूखंड गहाण पडला आणि बँकेचे शैक्षणिक कर्ज मंजूर झाले. त्या दिवशी वडील घरी येऊन एवढेच बोलले, “व्याज रात्रीपण चालू असतं, एवढं लक्षात असू दे.”

पुढील दीड वर्षात मुलाने डीजीसीएचे पेपर दिले. प्रत्येकात शंभरपैकी किमान सत्तर गुण लागतात. एकोणसत्तर मिळाले तर पुन्हा परीक्षा. एअर रेग्युलेशन्स पहिल्या प्रयत्नात गेला आणि हवामानशास्त्र दुसऱ्यात. दोनशे तासांचे उड्डाण पूर्ण होत आले. मग उरली ती इन्स्ट्रुमेंट रेटिंगची परीक्षा, आणि घराला खरा प्रश्न तिथे पडला. विमान चालवता येते म्हणता, मग ही आणखी परीक्षा कशाची?

त्याने समजावले ते असे. साधा परवाना डोळ्यांनी पाहून उडणाऱ्याचा. दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे. ढगापासून आडवे दीड किलोमीटर आणि उभे हजार फूट दूर राहिले पाहिजे. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी ही मुभा संपते आणि उगवण्याआधी वीस मिनिटांपर्यंत परत मिळत नाही. नियंत्रण कक्षाने दिलेले काही अपवाद सोडले तर. त्यापलीकडे रात्र, ढग, धुके आणि पाऊस. तिथे जायचे तर फक्त उपकरणे पाहून विमान नेता आले पाहिजे. त्यासाठी किमान चाळीस तासांचा उपकरणांवरील सराव लागतो, त्यातले जास्तीत जास्त वीस तास जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये चालतात. वर दर बारा महिन्यांनी ही पात्रता नव्याने सिद्ध करावी लागते.

“सूर्यास्तानंतर वीस मिनिटं?” आजींनी मध्येच विचारले. “आपली नवकारसी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची. दोन घटका. तुमच्या सरकारनं वीसच का धरली?” याला मुलाकडे उत्तर नव्हते. पण त्या दिवसापासून आजी त्या परीक्षेला ‘चोविहाराची परीक्षा’ म्हणू लागल्या आणि घरात तेच नाव रूढ झाले.

विंग कमांडर आर. के. बाली यांचे एअर रेग्युलेशन्सचे पुस्तक या क्षेत्रातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या पिशवीत असते. त्याच्याही पिशवीत ते होते, पाने सुटलेले, लाल-हिरव्या रेघांनी भरलेले. वडिलांनी ते एकदा चाळले. वाटले होते रुक्ष असेल. तसे ते आहेही. पण व्यापाऱ्याला नियमातील हेतू लवकर दिसतो. चुंबकीय मार्ग शून्य ते एकशे एकोणऐंशी अंश, म्हणजे पूर्वेच्या अंगाला जाणाऱ्याने विषम हजारांची उंची धरावी. पश्चिमेच्या अंगाला जाणाऱ्याने सम. वडील म्हणाले, “म्हणजे समोरासमोरच्या दोघांत आपोआप हजार फूट राहतात. कोणी कोणाला न विचारता.” अगदी तसेच.

उंची मोजणाऱ्या यंत्राचे प्रकरण तर त्यांनी दोनदा समजून घेतले. हे यंत्र प्रत्यक्षात उंची मोजतच नाही. हवेचा दाब मोजते. त्या दिवशी त्या ठिकाणचा दाब किती, हे वैमानिकाने एक बटण फिरवून त्यात आधी भरायचे असते. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे तीस फुटांची चूक. दहाची चूक झाली तर तीनशे फूट गेले. ढगातून उतरताना दोनशे फुटांवर निर्णय घ्यायचा असेल, तर तीनशे फुटांच्या चुकीचा अर्थ जमीन. वडिलांनी लगेच ओळखले, “हा तर धडा झाला.” तेल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा केला नाही, तर पुढची सगळी मापे खोटी, माप घेणारा कितीही प्रामाणिक असो.

एका पहाटे मुलगा अंगणात फिरताना दिसला. सरळ जाई, उजवीकडे वळे, परत येई, पुन्हा उजवीकडे वळे. हातात घड्याळ, ओठांवर पुटपुट.

“अरे, कशाला फिरलालास असा?” वडिलांनी विचारले.

तो ‘होल्डिंग’ पाठ करीत होता. उतरायला वाट मोकळी नसली, की विमान एका ठरलेल्या बिंदूभोवती लांबट घिरट्या घालते. जाताना एक मिनिट, चौदा हजार फुटांवर असल्यास दीड, वळणे उजवी. बिंदू म्हणून त्याने अंगणातील वजनकाटा धरला होता आणि काट्याकडे येताना तोंड उत्तरेला ठेवले होते. कोणत्या दिशेने आपण बिंदूवर पोहोचतो, त्यावरून घिरटीत शिरण्याच्या तीन रीती ठरतात: थेट, समांतर आणि थेंबासारखी. कागदावर त्या पाठ होत नाहीत. पायांनी चालल्या तर होतात, असे त्याच्या शिक्षकांनी सांगितले होते. वडील पाहत राहिले. उजवे वळण, पुन्हा उजवे, मधला बिंदू उजव्या हाताला. “ही तर प्रदक्षिणा,” ते म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

गाठ पडली ती दुसऱ्याच ठिकाणी, आणि ती सुटायला बराच वेळ लागला.

वडिलांची बाजारात ख्याती होती ती हाताची. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर खेळवायचे, एक दाताखाली फोडायचा आणि सांगायचे: बारा, साडेतेरा, पंधरा. सोयाबीनमध्ये बारा टक्के ओलाव्यापर्यंत माल प्रमाणात धरतात. त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला पैसे कटतात. ओलावा मोजणारे यंत्र बाजारात आले, तेव्हाही त्यांनी कित्येक वर्षे ते कपाटात ठेवले. शेतकरीही यंत्रापेक्षा त्यांच्या हाताला मानत. मुलगा सांगत होता ते मात्र अगदी उलटे होते. ढगात शिरल्यावर अंगाने सांगितलेले काहीही खरे मानायचे नाही, हा या विद्येचा पहिला धडा.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. मान वळली की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच गतीने चालू राहिले, तर वीसेक सेकंदांत द्रवही तेवढ्याच गतीने फिरू लागतो आणि वळण्याची जाणीव संपते. विमान वळते आहे आणि शरीर शपथेवर सांगते आहे, की आपण सरळ चाललो आहोत. अशा वेळी विमान खरोखर सरळ केले, तर शरीर सांगते, आता आपण उलट बाजूला वळलो. ते ऐकून वैमानिक विमान पुन्हा कलवतो. विमान गोल फिरत खाली घसरत जाते, वेग वाढतो, तो नाक वर ओढतो आणि फेरा आणखी आवळतो. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवले. सोबत अर्थात जाणकार वैमानिक होता. विसांतील एकाचाही ताबा टिकला नाही. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत.

“हात म्हणजे कान नव्हे,” वडील म्हणाले. आवाजात थोडी दुखावल्याची छटा होती.

त्याच आश्विनात परतीचा पाऊस लांबला. आवक ओली, दिवसभर ढिगांत हात. संध्याकाळी आलेल्या एका मालाला त्यांनी तेरा सांगितले. शेतकऱ्याचा मुलगा शिकलेला होता. त्याने यंत्र लावा म्हटले. कपाटातून यंत्र निघाले. काटा पंधराच्या पुढे गेला. चूक शेतकऱ्याच्या फायद्याची होती, त्यामुळे भांडण झाले नाही. तो पोरगाच ओशाळला. वडिलांनी दुसरा नमुना घेतला, तिसरा घेतला. रात्री ते मुलाला फोनवर म्हणाले, “सकाळपासून अठरा-अठराचा माल हातात होता रे. त्यानंतर पंधराचा आला तर हाताला तो कोरडाच लागणार.” पलीकडून मुलगा काही बोलला नाही. मग वडीलच म्हणाले, “वीस सेकंदांचं तुझं ते, तसंच.”

त्या दिवसापासून यंत्र कपाटाबाहेर, गल्ल्याशेजारी आले. पण नवा विश्वास जुन्या विश्वासाइतकाच आंधळा असू शकतो. पुढच्या सुट्टीत वडिलांनी मोठ्या समाधानाने निष्कर्ष काढला, की अंदाज सोडावा आणि काटा धरावा. मुलगा म्हणाला, “बाबा, एकच काटा धरला तर तोही बुडवतो.” आणि त्याने ‘सम्राट अशोक’ची हकीकत सांगितली.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे पहिले जंबो जेट, नाव ‘सम्राट अशोक’, रात्री साडेआठनंतर सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. हवा स्वच्छ होती, ढगांचा प्रश्नच नव्हता. पण धावपट्टी संपल्यावर समोर काळा समुद्र आणि काळे आकाश, क्षितिज नाही. थोडे उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज दाखवणारे उपकरण उजवीकडे कललेलेच अडकून राहिले. त्याने ते खरे मानले आणि विमान डावीकडे वळवले. आणखी डावीकडे वळवले. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. २१३ जण होते. कोणीही वाचले नाही. सहवैमानिकासमोर तसेच दुसरे उपकरण होते. मधोमध तिसरे होते. दिशा दाखवणारे होते, वळण दाखवणारे होते. चौकशीत ठपका आला तो एका बिघाडानंतर उरलेल्या साक्षींवरून विमानाची स्थिती ओळखता न आल्याचा.

ओसरीत बराच वेळ शांतता होती. मग मुलगा हलक्या आवाजात सांगू लागला, की लहान विमानातील सहा उपकरणे दोन घराण्यांची असतात. वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारी तीन हवेच्या दाबावर चालतात. क्षितिज, दिशा आणि वळण दाखवणारी तीन फिरत्या चक्रांवर. एका घराण्यातील साक्षीदार खोटे बोलू लागला, की दुसऱ्या घराण्यातील साक्षीदार त्याला उघडा पाडतो. क्षितिज म्हणते आपण कललो. दिशेचा काटा स्थिर आहे, वळणाचा मधोमध आहे. मग क्षितिज खोटे. नजर सतत फिरती ठेवायची, एकावर खिळवायची नाही.

हे वडिलांना समजावावे लागले नाही. रोजकीर्द एकीकडे, खतावणी दुसरीकडे आणि बँकेचा उतारा तिसरीकडे. वर्षानुवर्षे हेच तर चालले होते. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नवखा कारकून समजतो. एका चुकीने दुसरी चूक झाकली तरी तेरीज जुळते. आणि रोजकिर्दीतच रक्कम चुकली असेल, तर तिच्यावरून उतरवलेली खतावणी तीच चूक इमानाने पुढे नेते. म्हणून बँकेचा उतारा लागतो, तो परक्या हाताने लिहिलेला असतो म्हणून. ज्यांनी हिशेब तपासण्यात आयुष्य घालवले, त्यांनाही एवढे सोपे उदाहरण एरवी सुचले नसते. ‘त्या विमानात परकी वही समोरच होती,’ एवढे वडील म्हणाले आणि उठून गेले.

परीक्षेचा दिवस भाद्रपदातला होता. डोळ्यांवर झापड, घाण्याच्या बैलाला बांधतात तशी. फरक एवढाच, की समोरची उपकरणे दिसावीत इतकी फट ठेवलेली. १९२९ साली २४ सप्टेंबरला जिमी डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने न्यूयॉर्कजवळ पूर्ण झाकलेल्या कक्षातून उड्डाण करून, फिरून, पुन्हा त्याच मैदानावर विमान उतरवले होते. सारे पंधरा मिनिटांत. ही झापड त्या झाकणाचीच नात. मुलाने होल्डिंग नीट केले. रेडिओवरील संभाषण चोख झाले. शेवटी उतरणे आले.

ढगातून उतरताना प्रत्येक विमानतळासाठी किमान उंची ठरलेली असते. संभाजीनगरसारख्या विमानतळावर, जिथे धावपट्टीपर्यंत रेडिओची अदृश्य उतरंड आखणारी यंत्रणा आहे, तिथे ती कमी असते. या यंत्रणेच्या साध्या श्रेणीत निर्णयाची उंची दोनशे फुटांपेक्षा खाली नेता येत नाही. जिथे तशी यंत्रणा नाही, तिथे किमान उंची बरीच जास्त. त्या उंचीवर धावपट्टी दिसली तर उतरायचे. नाही दिसली तर शक्ती लावून वर जायचे. ‘आता दिसेल’ हा शब्द नियमात नाही. मुलाला वाटले, परीक्षक आता ‘वर बघ’ म्हणतील, झापड काढतील आणि धावपट्टी समोर असेल. परीक्षक गप्प होते. तो किमान उंचीच्या खाली ऐंशी फूट उतरला, मग भानावर आला आणि वर गेला. जमिनीवर आल्यावर परीक्षकांनी एकच ओळ लिहिली. निकाल: असमाधानकारक.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद होता. आईने स्वयंपाकघरातून तीनदा बाहेर येऊन विचारले. वडील म्हणाले, “त्याच्या पुस्तकात आहे. ढगात रेडिओ बंद पडला, तर यंत्रावर सात-सहा-शून्य-शून्य लावायचं. रडार असेल तर सात मिनिटं, नसेल तर वीस, शेवटची ठरलेली उंची आणि वेग सोडायचा नाही. मग आधी लिहून दिलेल्या वाटेनंच यायचं. खालचे लोक ती वाट मोकळी ठेवतात. त्याला शनिवारी यायचं होतं, तो शनिवारी येईल.”

“तुमची वीस मिनिटं कवाच झाली,” आई म्हणाली.

शनिवारी वडील दुपारपासून कामाशिवाय पिंपळ फाट्यावर उभे होते. बाजारात कोणी विचारले तर ट्रकची वाट पाहतो, असे सांगत होते. एसटी आली, मुलगा उतरला, दोघे न बोलता घरापर्यंत चालत आले. आजींनी पाने मांडून ठेवली होती. सावली पारावर चढली होती. “सहा मिनिटं आहेत अजून,” त्या म्हणाल्या, “आधी जेव, मग काय ते सांग.”

सांगायला फारसे नव्हते. ऐंशी फूट. पुन्हा सराव, पुन्हा शुल्क, पुन्हा तारीख. बँकेचा हप्ता आपल्या जागी. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मुलगा ताटाकडे पाहत म्हणाला, “आता दिसेल, आता दिसेल, असं वाटत राहिलं बाबा.”

वडिलांनी हात धुतले आणि बऱ्याच वेळाने, जे त्यांनी घरात कधीच पूर्ण सांगितले नव्हते, ते सांगितले. २०२१ च्या उन्हाळ्यात गोदामात आडतीखेरीज स्वतःचा सोयाबीनचा साठा होता. मनाशी ठरवले होते, की नऊ हजारांना विकायचा. जुलैत नऊ झाले. वाटले, दहा होतील. दहा झाले. वाटले, अकरा. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, ते वर्तमानपत्रात वाचले. तरी वाटले, दोन दिवसांत सावरेल. नवी आवक सुरू झाली आणि भाव सहा हजारांच्या आसपास आला. तेव्हा माल विकला. तो पैसा हाताशी असता, तर भूखंड गहाण टाकावा लागला नसता. घरी त्यांनी सांगितले होते, की बाजारच बसला.

“तू ऐंशी फूट खाली गेलास,” ते म्हणाले. “मी दोन महिने.”

आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. भूखंडावर कर्ज का काढावे लागले, हे तिला पहिल्यांदा कळत होते. ती काही बोलली नाही. ताटे उचलली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा मोठा. आजींनी मात्र तक्त्याकडे पाहिले, जणू त्यात त्या दिवसाची वेळ आहे की नाही हे पडताळून पाहत असाव्यात.

रविवारी पहाटे अंगणात पुन्हा पावले वाजू लागली. हंगाम तोंडावर होता, पोती अजून आली नव्हती, जागा मोकळी होती. वजनकाट्याजवळ वडील चहाचा पेला घेऊन उभे होते. मुलगा फाटकाकडून तिरपा चालत आला.

“कुठून आलास?”

“ईशान्येकडून.”

वडिलांनी क्षणभर डोळे मिटून हाताने हवेत एक रेघ ओढली. “मग समांतर,” ते म्हणाले. “चल, घड्याळ लाव.”